कुतूहलाचा अचूक पर्याय

हैदराबादला जाऊन आलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. चारमिनार पाहिला का, आणि बिर्याणी खाल्ली का. चारमिनार मी रिक्षातून लांबून पाहिला. बिर्याणी मी खात नाही. मी गेले होते कुतूहल शिकायला. विज्ञान शिकवता शिकवता केस पिकल्यावर कुतूहल म्हणजे काय हे समजावून घेण्यासाठी एका कंपनीच्या खर्चाने मला उदगीरहून हैदराबादला पाठवण्यात आलं. निघताना शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एवढ्या लांब? इथं नव्हतं का मिळत?"

कार्यशाळेचं नाव 'तंत्रज्ञान व जिज्ञासा यांच्या आधारे विज्ञान अध्यापनाचे सक्षमीकरण' असं होतं. आमच्या शाळेतून दोघांना जायचं होतं. त्यातले एक गायकवाड सर असणार हे ठरलेलंच होतं. शाळेतला प्रोजेक्टर लागला तर तो त्यांनी लावलेला असतो, आणि बंद पडला तर तो का बंद पडला हे तेच सांगतात. इतक्या वर्षांत 'मला माहीत नाही' हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकलेले नाहीत. कुठलाही प्रश्न आला की ते आधी म्हणतात, "ते सोपं आहे." पुढे ते सोपं कसं आहे हे सांगतीलच असं नाही. दुसरं नाव बाईमाणसाचं हवं असा नियम होता, म्हणून मी.

नामपल्ली

सकाळी नामपल्लीला उतरलो तेव्हा फेब्रुवारीचं ऊन कोवळं होतं. स्टेशनाबाहेरच्या इराणी हॉटेलात चहा घेतला. हा चहा आपल्या चहासारखा नाही. दूध वेगळं आटवतात, चहा वेगळा मुरवतात, आणि दोघांची गाठ थेट कपात घालून देतात. सोबत उस्मानिया बिस्किट, गोडही आणि खारटही. आमच्याकडे चहात बिस्किट बुडवणं ही घरात करायची गोष्ट आहे, चारचौघांत नाही. इथे कोट घातलेली माणसंही बिनदिक्कत बुडवत होती. मीही बुडवलं. ते कपात पडलं, आणि मी इकडेतिकडे बघून चमच्याने काढून खाल्लं.

आमची सोय आबिड्सच्या एका लॉजमध्ये होती. रिक्षात बसताच गायकवाड सरांनी फोन पुढे धरला. त्यातली बाई हिंदीत रस्ता सांगू लागली. रिक्षावाले चाचा थोडा वेळ ऐकून घेत होते. ती डावीकडे वळा म्हणाली आणि चाचा उजवीकडे वळले.

"अहो, वो लेफ्ट बोलती है," गायकवाड सर हिंदीत ओरडले.

"उनकू जाने देव साब आगे," चाचा शांतपणे म्हणाले. "अपन पीछे से आते."

फोनमधली बाई बिचारी परत परत मार्ग बदलत राहिली आणि आम्ही लॉजवर पोचलो तरी तिचं आम्हाला मागे वळवणं चालूच होतं. सर म्हणाले, नेटवर्क कमी होतं. मी हो म्हटलं. पहिलाच दिवस होता.

काचेची इमारत

कार्यशाळा माधापूरच्या बाजूला, आयटी कंपन्यांच्या वस्तीत होती. नामपल्लीहून मेट्रोने अमीरपेटला जायचं, तिथे गाडी बदलायची. त्या भागात सगळ्या इमारती काचेच्या. आत बसलेल्यांना बाहेरचं सगळं दिसावं म्हणून काचा लावायच्या, मग ऊन येतं म्हणून पडदे ओढायचे आणि मग अंधार होतो म्हणून दिवे लावायचे. आमच्या शाळेत यातलं काहीच नाही. खिडकी आहे, ती उघडते.

आमच्या खोलीतल्या खिडक्या उघडायच्या नव्हत्याच. एसी इतका होता की बायकांनी पदर डोक्यावरून घेतले होते. बाहेर मस्त ऊन पडलेलं, आणि आत आम्ही काकडत निसर्गाविषयी कुतूहल कसं जागवावं हे भिंतीवरच्या पडद्यावर पाहत होतो.

शिकवायला निनाद नावाचा तरुण होता. मूळचा पुण्याचा. मोठ्या पगाराची नोकरी सोडून शिक्षणात आलेला. पोरगा लाघवी होता, हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याच्याविषयी फारसं चांगलं बोलणार नाही.

"ॲक्चुअली काय आहे ना मॅडम," तो म्हणाला, "टीचरने आन्सर द्यायचंच नाही. चाइल्डला वंडर करू द्यायचं. क्वेश्चन त्याच्याकडून आला पाहिजे."

मला हे मनापासून पटलं. मी मान डोलावली. मग त्याने प्रत्येकाच्या हातात टॅबलेट दिला आणि पोरांना प्रश्न कसा पाडायचा ते दाखवलं.

पडद्यावर एक ओला कपडा दोरीवर लटकत होता. खाली लिहिलं होतं, 'ओला कपडा पाहून तुला काय प्रश्न पडला?' आणि त्याखाली चार पर्याय. (अ) हा कपडा कोणाचा आहे? (ब) कपडा ओला का आहे? (क) कपड्यातील पाणी कुठे जाते? (ड) मला प्रश्न पडला नाही.

मला खरोखर जो प्रश्न पडला होता तो मी दाबला. मी (ब) दाबलं. पडदा लाल झाला आणि अक्षरं आली, 'चूक. पुन्हा कुतूहल करा.' शेजारी गायकवाड सरांनी (क) दाबलं होतं. त्यांच्या टॅबलेटमधून टाळ्या वाजल्या आणि तीन तारे मिळाले. त्यांनी ते मला दाखवले.

मी हात वर केला. "निनाद, आणि पोराला पाचवाच प्रश्न पडला तर?"

तो खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "व्हर्जन टूमध्ये येईल, मॅडम."

पुढे तो कपडा वाळवायचा होता. ऊन वाढवा, कपडा पसरा, अशी बटणं होती. एका बटणावर लिहिलं होतं 'चाहता चालू करा'. खोलीतल्या सगळ्या मराठी शिक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. मराठी भाषांतर यंत्राने केलं होतं आणि इंग्रजीतल्या फॅनचा त्याने पंखा न करता चाहता केला होता. निनादला सांगितलं तर तो मराठी अक्षरं जुळवत वाचू लागला. त्याचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं. "ओह," तो म्हणाला, "पण कॉन्टेक्स्टने कळतं ना?"

चहाच्या सुट्टीत मी गरम व्हायला म्हणून जिन्यातून गच्चीवर गेले. तिथे एक बाई आधीच उन्हात पाठ शेकत बसल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली.

"बसा, बाई. आत फ्रिजमध्ये कायको बसायचं?"

या रेवतीबाई. पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत राहिलेलं मराठी घर. निजामाच्या राज्यात आमचं उदगीरही होतं, म्हणजे एकेकाळी आम्ही एकाच गावच्या म्हणायच्या. त्या इथल्याच एका जुन्या मराठी शाळेत विज्ञान शिकवतात. कार्यशाळेच्या शेवटच्या दिवशी प्रत्यक्ष वर्गावर एक आदर्श पाठ व्हायचा होता, तो त्यांच्याच शाळेत, सातवीच्या वर्गावर.

"कोण घेणार तो पाठ?" मी विचारलं.

"तुमचं नाव लावलंय की," रेवतीबाई म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं नै का?"

मला कुणी सांगितलं नव्हतं. खाली जाऊन पाहते तर पडद्यावर खरंच माझं नाव होतं. सर्वांत जास्त प्रश्न विचारणाऱ्या शिक्षिका म्हणून निनादने ते घातलं होतं. मोठा सन्मान होता म्हणे.

काचीगुडा

पाठाच्या आदल्या संध्याकाळी रेवतीबाईंनी आम्हा दोघांना काचीगुड्याला घरी जेवायला बोलावलं. ज्वारीची भाकरी, खट्टी दाळ आणि बगारा बैंगन. आपल्या भरल्या वांग्याचीच ही बहीण, पण सासर वेगळं. तीळ, शेंगदाणा, खोबरं आहेच, शिवाय चिंचेचा कोळ असा की जीभ जागच्या जागी उभी राहावी. आमच्याकडे पाहुण्याला गोड करतात, इथे आंबट. दाळीतही चिंच, वांग्यातही चिंच, आणि तोंडी लावायला पुन्हा लोणचं. गायकवाड सरांना पित्ताचा त्रास. ते घाम पुसत "उत्तम, उत्तम" म्हणत होते.

जेवताना रेवतीबाईंनी सगळं सांगितलं. शाळा चालवणाऱ्या संस्थेची एक इंग्रजी शाळाही आहे, ती जोरात चालते. मराठी शाळेत पोरं कमी. संस्थेच्या कमिटीने ठरवलंय की जूनपासून मराठीचे वरचे वर्ग बंद करायचे. फक्त एकच गोष्ट आडवी आहे. कार्यशाळेची ही कंपनी एका शाळेला डिजिटल विज्ञानकक्ष देणार आहे, आणि तो कुणाला द्यायचा हे कंपनीचे पाहुणे उद्याचा पाठ पाहून ठरवणार. तो जर यांना मिळाला, तर वर्ग ठेवायचे, नाही तर नाही.

"मुलं जातील इकडंतिकडं," त्या म्हणाल्या. "पोरी नै जाणार. नांदेड-बीदरकडून कामाला आलेली घरं आहेत. मराठी शाळा गल्लीत आहे म्हणून पाठवतात. लांब कोण पाठवतंय? घरी बसवतील, धाकट्यांना सांभाळायला. भाग्यश्री म्हणून एक पोरगी आहे माझ्या वर्गात, प्रश्न विचारून डोकं खाते, तिच्या थोरल्या बहिणीचं तेच झालं."

मी भाकरीचा घास हातातच धरून बसले. मला वाटत होतं, मी गमतीचा एक पाठ घेऊन दुसऱ्या दिवशी गाडीत बसणार. आता त्या ओल्या कपड्यावर पोरींची शाळा लटकत होती.

"पाहुणे मराठी नै समजत," रेवतीबाई पुढे म्हणाल्या. "त्यांना फक्त एवढंच बघायचं असतं, की पोरं पार्टिसिपेट करतात का. म्हणजे हात वर येतात का. त्याची काळजी करू नक्को. माझ्या वर्गात सगळे हात वर येतात. तुम्ही फक्त उजवा हात असेल त्यालाच विचारा. डावा दिसला तर नक्को."

शिक्षकी पेशात नसलेल्यांसाठी सांगते. साहेब तपासणीला येणार असले की पोरांना आधी पढवून ठेवायचं. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. साहेबाला दिसतो हातांनी भरलेला वर्ग, बाईंना दिसतं कुणाला उठवायचं ते. पोरं हे पाढ्यांच्या आधी शिकतात.

"ते सोपं आहे," गायकवाड सर खुशीत म्हणाले. "आमच्या शाळेत मीच आणलं ते."

"मी तर परवाच चालू केलं," रेवतीबाई म्हणाल्या. हैदराबादेत परवा म्हणजे काही वर्षांपूर्वीसुद्धा असतं, हे मला तोवर कळलं होतं.

सातवीचा वर्ग

शाळेची खोली जुन्या धाटणीची होती. उंच छत, आणि गल्लीकडे उघडणारी एक मोठी खिडकी. पाहुणे आले. कंपनीचे मोठे साहेब, त्यांच्या मागे त्यांचा फोटो काढणारा माणूस आणि त्याच्या मागे कमिटीचे लोक. साहेब भले दिसत होते. त्यांना मराठी येत नव्हतं, पण ते प्रत्येक पोराकडे बघून हसत होते. निनाद त्यांच्या कानाशी बसला, इंग्रजीत सांगायला. गायकवाड सर मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

टॅबलेट वाटले. ओला कपडा लटकला. "काय प्रश्न पडला?" मी विचारलं आणि सगळ्या वर्गाने एका क्षणात (क) दाबलं. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की गल्लीतलं कुत्रं भुंकलं. एवढं एकमुखी कुतूहल मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. साहेबांनी मान डोलावली.

मग पाठ सुरळीत पुढे सरकला. "कपडा लवकर वाळवायला काय करू?" हातांचं रान. मी उजवा हात बघून उठवते. "ऊन वाढवू, बाई." शाबास. पुन्हा रान, पुन्हा उजवा. "चाहता चालू करू, बाई." एकही पोर हसलं नाही. रेवतीबाईंनी त्यांना चाहता म्हणजे पंखा असं पाठ करवलं होतं. पोरांनी घरचा शब्द सोडून यंत्राची चूक इमानाने उचलली होती, आणि बक्षीस म्हणून त्यांना तारे मिळत होते.

खिडकीजवळ एक मुलगी बसली होती. दोन घट्ट वेण्या. प्रत्येक प्रश्नाला तिचा हात सगळ्यांच्या आधी वर जायचा आणि तो प्रत्येक वेळी डावाच असायचा. नुसता वर नाही, चांगला ताणलेला, बोटं हलवत. येत नाही हे इतक्या उत्साहाने सांगणारं पोर मी पाहिलं नव्हतं. मी रेवतीबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, नक्को. ही भाग्यश्री असणार हे मला तेव्हाच कळलं.

मी मान फिरवली. दोन उजवे हात आणखी उठवले. तिचा डावा वरच. मग माझ्यातली खाष्ट बाई जागी झाली. कुतूहल शिकायला मी एवढ्या लांब आले, चिंच खाऊन पित्त वाढवून घेतलं, आणि ज्या एका पोरीला खरोखर काही विचारायचंय तिच्याकडे बघायचं नाही? मी बोट केलं. "तू बोल."

रेवतीबाईंनी डोळे मिटले.

भाग्यश्री उठली. "बाई, मला नै समजलं. आमच्या घरी कूलर हाय. ओल्या गवतातून वारा येतो, म्हणून गार लागतो. उन्हाळ्यात लई गार करतो. पावसाळ्यात लावला तर नै करत. आई म्हणते लावू नक्को, नुसतं चिपचिप होतं. पाणी तेच, पंखा तोच. मंग का नै गार करत?"

पोरं बटणं शोधू लागली. टॅबलेटवरही काही नव्हतं. त्यात ऊन होतं, वारा होता, कपडा होता. पावसाळा नव्हता. तो व्हर्जन टूमध्ये येणार असावा.

आणि मी सवयीने, केवळ सवयीने, वर्गाकडे वळून विचारलं, "कुणाला माहीत आहे?"

सगळे हात वर आले. नियमच तसा होता. मी डावीकडून उजवीकडे पाहत गेले. सगळे डावे होते. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एक म्हणून उजवा नाही.

मागून गायकवाड सरांचा आवाज आला, दबका पण स्पष्ट. "बाई, सगळे डावे!"

साहेब मात्र खुर्चीतून उठले होते. त्यांचा चेहरा उजळला होता. "वाह! सब के सब! हंड्रेड परसेंट!" असं म्हणून ते टाळ्या वाजवू लागले. कमिटीने वाजवल्या. फोटोवाल्याने बाकांमध्ये घुसून फोटो काढले. पोरं गोंधळून हात तसेच धरून होती, कारण हात खाली घ्या असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मग साहेब म्हणाले, "चलिए, किसी एक से सुनते हैं," आणि त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलाकडे बोट केलं.

रेवतीबाईंनी टेबलाची कड धरली. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं.

तेवढ्यात निनाद उभा राहिला. "सर, ॲक्चुअली, इन्क्वायरीमध्ये आपण आन्सर इमिजिएटली घेत नाही. चाइल्डला त्या क्वेश्चनबरोबर राहू देतो." हेच त्याने पुन्हा इंग्रजीत सांगितलं. त्याला डाव्या-उजव्याचं काहीच माहीत नव्हतं. तो बिचारा मनापासून बोलत होता. साहेबांना ते फार आवडलं. "ब्यूटिफुल," ते म्हणाले. शिवाय जेवण गार होत होतं. सगळे पाहुणे निघाले, त्यांच्या मागे निनाद, आणि त्यांच्यासाठी मुद्दाम मागवलेल्या बिर्याणीच्या मागे गायकवाड सर.

पिशवी

वर्गात मी, रेवतीबाई आणि पोरं उरलो. भाग्यश्री माझी मुलगी असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, पण मी तिची बाई होते, म्हणून म्हणाले, "आता टॅबलेट बंद करा. आणि मला उत्तर विचारायचं नाही. मी सांगणार नाही."

"मंग कोण सांगणार?" भाग्यश्री म्हणाली.

"तूच. पावसाळा इथे वर्गात कसा आणता येईल?"

पोरांनी मग नको ते सुचवलं. छतावर पाणी टाकू. सगळ्यांनी तोंडाने वाफ सोडू. एकाने सरळ बाथरूममध्ये जाऊ म्हटलं, आणि ते काही अगदीच वाईट नव्हतं. शेवटी भाग्यश्रीने आपल्या डब्याची प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात ओला रुमाल टाकला. दोन्ही हात पाण्याने भिजवले. एक हात खिडकीबाहेर वाऱ्यात धरला, दुसरा पिशवीत घालून मैत्रिणीला तोंड आवळून धरायला सांगितलं. मग सगळा वर्ग तेच करू लागला. डबे टेबलावर, पिशव्या हातांत, खिडकीशी ही झुंबड. रेवतीबाईंनीही स्वतःच्या भाजीच्या पिशवीत हात घातला.

"खिडकीतला गार," भाग्यश्री हळूहळू म्हणाली. "पिशवीतला नुसता ओला. चिपचिप." तिने पिशवी उजेडात धरली. पिशवीच्या आतून धुकं धरलं होतं. "पिशवीतल्या हवेला पाणी घ्यायला जागाच नै. माझ्या हातावरचं पाणी कुठं जाणार? मंग गार कसं लागणार?"

"आणि कूलर?"

"पावसाळ्यात सगळं हैदराबादच पिशवीत असतं, बाई."

मी तिला शाबास म्हणायचं सोडून पिशवीतल्या ओल्या रुमालाने डोळे पुसू लागले. रेवतीबाईंनी पदराने डोळे टिपले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हौ, आता रडू नक्को, मघाशी शाळा तर बुडालीच होती आपली." दोघी हसलो. हे सगळं पाहायला साहेब नव्हते. ते खाली आमच्या पाठाचं कौतुक करत बिर्याणीवर मिर्ची का सालन वाढून घेत होते.

परत

परतीच्या गाडीत गायकवाड सर समोर बसले होते. बीदर गेल्यावर मी म्हटलं, "सर, त्या कूलरचं काय हो?"

"ते सोपं आहे," ते म्हणाले आणि फोनमध्ये शोधू लागले. उदगीर आलं तरी शोधतच होते.

काही आठवड्यांनी रेवतीबाईंचा फोन आला. विज्ञानकक्ष त्यांच्या शाळेला मिळाला होता. मराठीचे वरचे वर्ग राहिले. कंपनीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर त्या वर्गाचा फोटो होता आणि खाली छापलं होतं, 'संकल्पना प्रत्येक मुलापर्यंत पोहोचली.' ज्या क्षणी एकाही पोराला काही येत नव्हतं, नेमका तो क्षण.

"खुश आहात ना?" मी विचारलं.

"हौ, खूप. भाग्यश्री आठवीत बसणार," त्या म्हणाल्या. "फक्त तो मोठा पडदा लावला ना, त्याच्यावर उजेड येतो म्हणून खिडकी बंद केली त्यांनी. कायमची. आता हात गच्चीवर जाऊन वाळवतो आम्ही."

आमच्या मुख्याध्यापकांनी तो फोटो मोठा करून घेतला आणि आमच्या शाळेच्या व्हरांड्यात लावला. उदगीरला यश मिळालं म्हणून मला आणि गायकवाड सरांना नारळ दिला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या आठवीची पोरं त्या फोटोपुढे उभी होती. आधी एक हसलं, मग दुसरं, मग सगळी पोट धरून हसायला लागली.

"बाई," त्यांतली एक मुलगी म्हणाली, "त्या शाळेत कुणालाच काही येत नाही का?"

"तेव्हा येत नव्हतं," मी म्हटलं. "चला आत, तुम्हाला येतं का बघू."

मार्च लागला होता, गावात घरोघर कूलर बाहेर निघाले होते. मी कूलरचाच प्रश्न घातला. नेहमीप्रमाणे सगळे हात वर आले, थोडे उजवे, बाकीचे डावे. मी म्हणाले, "आजपासून मी डाव्यांनाच विचारणार." एका क्षणात सगळे डावे खाली गेले आणि उजवे वर आले. इतक्या झटक्यात सगळा वर्ग हुशार झालेला मी कधी पाहिला नव्हता. मी हातांच्या त्या रानात एक तरी डावा शोधत राहिले आणि मला इतकं वाईट वाटलं की खडू टेबलावर ठेवून दिला.

तेव्हा पोरांच्या माना दाराकडे वळल्या. गायकवाड सर तिथे येऊन उभे होते, कधीपासून कोण जाणे. त्यांचा डावा हात वर होता.